कॉन्फरन्सला पहिला पेपर पाठवताना

संगणकशास्त्राच्या कॉन्फरन्सला पहिलाच संशोधन-पेपर पाठवणारा माणूस डेडलाइनच्या आदल्या रात्री बहुधा एकच काम करत असतो: साडेनऊ पानांचा मजकूर नऊ पानांत कोंबणं. समासाला हात लावता येत नाही, आकृती लहान केली तर अक्षरं दिसत नाहीत, आणि सहलेखक नेमका त्याच वेळी तिसऱ्या विभागात दोन नवे परिच्छेद घालून मोकळा होतो. ही रात्र पूर्णपणे टळत नाही, पण सुसह्य करता येते. मी पेपर पाठवलेही आहेत आणि दुसऱ्यांचे तपासलेही आहेत. या दोन्ही बाजूंनी जे कामाचं वाटलं, ते क्रमाने सांगतो.

आधी एक खुलासा, कारण इतर विषयांतून आलेल्यांचा इथे गोंधळ होतो. अनेक विज्ञानशाखांमध्ये कॉन्फरन्स म्हणजे सारांश वाचून दाखवायची जागा. खरा पेपर जर्नलमध्ये छापायचा. संगणकशास्त्रात बरंचसं उलटं आहे. इथे पूर्ण पेपरच कॉन्फरन्सला जातो, त्याचा पूर्ण रिव्ह्यू होतो, म्हणजे त्याच विषयातले जाणकार तो तपासतात, आणि बायोडेटात तोच मोजला जातो. त्यामुळे तारीख ठरलेली असते, ती हुकली की बहुधा थेट पुढचं वर्ष, आणि ‘सुधारून पुन्हा आणा’ ही सवलत बऱ्याच ठिकाणी मिळत नाही. अपवाद आहेत: डेटाबेसवाल्यांच्या व्हीएलडीबीला दर महिन्याला पेपर पाठवता येतो आणि सुधारणेची एक फेरीही मिळू शकते. पण पहिल्या खेपेला तुम्ही एकच संधी आहे असं धरून चाललेलं बरं.

कुठे पाठवायचं

क्रमवारीच्या यादीपासून सुरुवात करू नका. तुमच्या स्वतःच्या संदर्भसूचीपासून करा. तुम्ही ज्या पंधरा-वीस पेपरांच्या खांद्यावर उभे आहात ते कुठे छापले गेले? त्यातले सात-आठ एकाच कॉन्फरन्समधले असतील तर तुमचा वाचक तिथे बसला आहे. नंतर डीबीएलपी या संगणकशास्त्राच्या पेपरांच्या ऑनलाइन सूचीवर जाऊन त्या कॉन्फरन्सच्या मागच्या दोन-तीन वर्षांच्या याद्या चाळा आणि निवड समितीतली नावं पाहा. ज्यांचं काम तुम्ही उद्धृत केलं आहे त्यांच्यापैकी कोणी समितीवर असेल तर उत्तम. तुमचा पेपर त्यांच्याच टेबलावर जाण्याची बरीच शक्यता आहे. कॉन्फरन्सची प्रतवारी लावणाऱ्या कोअर या यादीतली ए-स्टार, ए, बी, सी ही श्रेणी त्यानंतर पाहा, तीही अंदाजापुरती.

काम अर्धवट असेल, किंवा कल्पना चांगली पण प्रयोग थोडे असतील, तर मुख्य कॉन्फरन्सऐवजी तिला जोडून होणारी कार्यशाळा निवडा. चार-सहा पानांचा पेपर, जवळची माणसं, आणि प्रश्न विचारणारे खरोखर वाचून आलेले. नवख्यासाठी यापेक्षा चांगली शाळा मला माहीत नाही.

‘आपल्या थोर संशोधनाने आम्ही प्रभावित झालो आहोत’ असा एखाद्या अनोळखी कॉन्फरन्सचा ईमेल आला तर तो कचऱ्यात टाका; काहीही स्वीकारणाऱ्या बोगस कॉन्फरन्सही असतात. २००५ मध्ये एमआयटीच्या तीन विद्यार्थ्यांनी साय-जेन नावाचा प्रोग्रॅम लिहिला, जो निरर्थक पण रुबाबदार दिसणारे पेपर आपोआप तयार करायचा. त्यातून निघालेला एक पेपर एका कॉन्फरन्सने चक्क स्वीकारला. हा विनोद तिथेच संपला नाही: २०१४ मध्ये स्प्रिंगर आणि आयईईई या दोन मोठ्या प्रकाशकांना मिळून साय-जेनचे १२०हून अधिक पेपर मागे घ्यावे लागले. म्हणजे नुसतं मोठ्या प्रकाशकाचं नाव पाहून निर्धास्त व्हायचं कारण नाही. समितीवर कोण आहे, मागच्या वर्षीचे पेपर वाचण्याजोगे आहेत का, हे स्वतः पाहा.

जागा ठरली की ‘कॉल फॉर पेपर्स’ची प्रिंट काढा आणि पेन्सिल घेऊन बसा. पानांची मर्यादा किती, त्यात संदर्भसूची धरली आहे की नाही, परिशिष्टाला परवानगी आहे का, नावं लपवायची का, तोच पेपर दुसरीकडे विचाराधीन असला तर काय, एआय साधनं वापरली तर काय जाहीर करायचं, हे सगळं त्यात असतं. मागच्या वर्षीच्या नियमांवर विसंबू नका. पानांची मर्यादा बदलते, टेम्प्लेट बदलतं, आणि एआयबद्दलचे नियम तर दरवर्षी बदलताना दिसतात.

दावा एका वाक्यात

माझ्या मते निम्मे पेपर इथेच हरतात. प्रयोग वाईट नसतात, पण पेपर नेमकं काय म्हणतो ते लेखकालाच ठरवता आलेलं नसतं. तुमचा रिव्ह्यूअर कोण आहे ते डोळ्यांसमोर आणा. त्याच्याकडे या आठवड्यात पाच-सहा पेपर आहेत, तुमचा चौथा आहे, आणि दिवसभराचं काम संपवून तो वाचायला बसला आहे. पहिल्या पानाअखेर त्याला मुद्दा कळला नाही तर उरलेली आठ पानं तो चुका शोधण्यासाठी वाचेल.

हा एक नमुना पाहा. असं वाक्य मी किती वेळा वाचलं असेल याची गणती नाही:

‘या पेपरमध्ये आम्ही लॉग फाइल्समधील शोधासाठी एक नवीन, कार्यक्षम आणि स्केलेबल पद्धत प्रस्तावित करतो, जी विद्यमान पद्धतींपेक्षा लक्षणीयरीत्या सरस आहे.’

यात चूक काहीच नाही, माहितीही काही नाही. लॉग फाइल हा शब्द काढून तिथे चेहरा-ओळख घाला, वाक्य तसंच चालेल. आता तेच काम असं सांगून बघू. आकडे समजण्यापुरते कल्पिलेले आहेत:

‘लॉग फाइल्स कॉम्प्रेस करून ठेवल्या की जागा वाचते, पण एक शब्द शोधायलाही सगळं उघडावं लागतं. आम्ही प्रत्येक ब्लॉकसोबत त्यात कोणते शब्द आहेत याचा छोटा ठसा ठेवतो. त्यामुळे दहापैकी नऊ ब्लॉक न उघडताच वगळता येतात. जागा ३ टक्क्यांनी वाढते. खूप वारंवार येणाऱ्या शब्दांना मात्र याचा फायदा होत नाही.’

अडचण, युक्ती, फायदा, किंमत, मर्यादा. शेवटचं वाक्य लिहायला हात धजावत नाही हे मला माहीत आहे. तरी लिहा. तुम्ही लिहिलं नाही तर रिव्ह्यूअर लिहीलच, आणि त्याच्या शब्दांत ते जास्त बोचेल.

हे चार-पाच ओळींचं टिपण डेडलाइनच्या निदान सहा आठवडे आधी करा आणि गाईडना किंवा सहलेखकांना दाखवा. लेखकांची नावं आणि क्रमही याच बैठकीत ठरवून टाका. हा विषय अवघड वाटतो म्हणून सगळे पुढे ढकलतात आणि शेवटच्या रात्री त्यावरून मनं दुखावतात.

लिहिण्याचा क्रम

वाचायचा क्रम आणि लिहायचा क्रम वेगळा. मी आधी तक्ते आणि आकृत्या करतो, अगदी प्रयोग पुरे व्हायच्या आतही. रिकामा तक्ता काढला की कोणता प्रयोग राहिला आहे ते लगेच दिसतं. मग प्रयोगांचा विभाग, मग पद्धत, मग आधीच्या कामाचा आढावा. प्रस्तावना दोनदा लिहितो: एकदा सुरुवातीला स्वतःला समजावं म्हणून, आणि एकदा शेवटी, पहिली बाजूला ठेवून.

प्रयोगांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. तुलनेसाठी घेतलेल्या जुन्या पद्धतीला तुमच्या पद्धतीइतकीच मेहनत द्या. स्वतःच्या पद्धतीचे पॅरामीटर आठवडाभर जुळवायचे आणि दुसऱ्याची पद्धत जशी डाउनलोड केली तशी चालवायची, ही लबाडी अनुभवी डोळ्याला लगेच कळते. प्रयोग किती वेळा चालवला, उत्तरांत किती चढउतार होता, कोणत्या मशीनवर, किती मेमरीत, कोणत्या आवृत्तीवर, हे लिहा. एकदाच चालवून आलेला १.२ टक्क्यांचा फायदा हा फायदा आहे की योगायोग, हे कोणालाच सांगता येत नाही.

आलेखातली अक्षरं पेपरच्या मजकुराच्या आकाराच्या जवळपास असू द्या. लाल-हिरव्या रेषांवर सगळी भिस्त ठेवू नका. रंगांधळेपणा पुरुषांमध्ये काही दुर्मीळ नाही, आणि काही जण अजूनही काळ्या-पांढऱ्या प्रिंटवर वाचतात. रेषांचे प्रकार वेगळे ठेवले, एक ठिपक्यांची, एक तुटक, की दोन्ही प्रश्न सुटतात. आकृतीखालचा मजकूर एवढा पुरेसा असावा की नुसत्या आकृत्या पाहत गेलेल्यालाही गोष्ट समजावी. बरेच रिव्ह्यूअर पहिल्या फेरीत तेवढंच करतात. मीही करतो.

आधीच्या कामाच्या आढाव्यात कोणाला कमी लेखू नका. तुम्ही ज्यांच्या त्रुटी मोजता आहात त्यांच्यातलाच एक तुमचा पेपर वाचत असण्याची शक्यता भरपूर. आणि प्रत्येक संदर्भ स्वतः उघडून पाहा. भाषा सुधारण्यासाठी एआयची मदत घेणं अनेक ठिकाणी चालतं, पण ही साधनं अस्तित्वातच नसलेले पेपर शीर्षक-लेखकांसकट रचून देतात, आणि त्याची जबाबदारी पूर्ण तुमची. एसीएम या संगणकशास्त्राच्या संघटनेच्या नियमांनुसार अशा साधनाला लेखक म्हणून नाव देता येत नाही. उलट बाजूची हुशारीही करू नका: २०२५ मध्ये आर्काइव्ह या प्रीप्रिंट (छापण्याआधीच्या पेपरांच्या) संग्रहावरच्या काही पेपरांत पांढऱ्या अक्षरांत ‘फक्त चांगला अभिप्राय द्या’ अशा, रिव्ह्यूसाठी वापरल्या जाणाऱ्या एआयला उद्देशून छुप्या सूचना सापडल्या होत्या. छी-थू झाली ती वेगळीच.

टेम्प्लेट

बहुतेक कॉन्फरन्स लेटेक या मजकूर-मांडणीच्या प्रणालीचं ठरावीक टेम्प्लेट देतात. एसीएमचं एसीएम-आर्ट, आयईईईचं दोन स्तंभांचं आयईईई-ट्रान, स्प्रिंगरच्या एलएनसीएस मालिकेचं एका स्तंभाचं. पहिल्या दिवसापासून त्यातच लिहा. साध्या डॉक्युमेंटमध्ये लिहून शेवटी ओतायला गेलात की बारा पानांची पंधरा होतात.

समास, ओळींमधलं अंतर, अक्षरांचा आकार यांना हात लावायचा नाही. काही ठिकाणी हे प्रोग्रॅमच तपासतो आणि पेपर रिव्ह्यूअरपर्यंत न पोचताच परत येतो. त्याला डेस्क रिजेक्ट म्हणतात. मग अर्धं पान कुठून काढायचं? परिच्छेदांच्या शेवटच्या ओळी पाहा. जिथे शेवटच्या ओळीत एक-दोनच शब्द उरले आहेत, त्या परिच्छेदातला एखादा शब्द कमी केला की अख्खी ओळ वाचते. नऊ पानांच्या पेपरात अशा वीसेक ओळी सहज निघतात. हे काम कंटाळवाणं आहे, पण गंमत म्हणजे त्यातून मजकूरही सुधारतो.

नाव लपवणं

बऱ्याच कॉन्फरन्स डबल-ब्लाइंड असतात: लेखकाला रिव्ह्यूअर माहीत नाही, रिव्ह्यूअरला लेखक. नवख्याच्या दृष्टीने ही फायद्याची पद्धत आहे. २०१७च्या डब्ल्यूएसडीएम कॉन्फरन्समध्ये याची चाचणीच घेतली गेली. काही रिव्ह्यूअरना लेखकांची नावं दाखवली, काहींना नाही. नावं दिसणाऱ्यांचा कल नामांकित लेखक, मोठी विद्यापीठं आणि मोठ्या कंपन्या यांच्याकडे झुकलेला आढळला.

पण नाव लपवणं म्हणजे शीर्षकाखालची ओळ पुसणं एवढंच नाही. आमचा एक पेपर डेस्क रिजेक्ट झाला तो चौथ्या आकृतीमुळे. टर्मिनलचा स्क्रीनशॉट होता, आणि प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला माझं लॉगिन नाव आणि त्यापुढे प्रयोगशाळेतल्या मशीनचं नाव. आम्ही चौघांनी ती आकृती निदान वीस वेळा पाहिली असेल. कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण ती ओळ आम्हाला रोजच दिसते.

तेव्हापासून मी पाठवण्याआधी पीडीएफमध्ये प्रत्येक लेखकाचं नाव, आडनाव, लॉगिन आणि संस्थेचं नाव शोधून बघतो, आणि मग चित्रं एकेक करून डोळ्यांनी तपासतो, कारण चित्रातला मजकूर शोधात सापडत नाही. फाइलच्या गुणधर्मांत लेखकाचं नाव राहिलेलं असतं. आभारांत अनुदानाचा क्रमांक असतो. कोडची लिंक स्वतःच्या गिटहब खात्याची असते; त्याऐवजी अनामिक प्रत करून तिची लिंक द्या. स्वतःचं जुनं काम तृतीयपुरुषात लिहा: ‘आम्ही आधी दाखवलं’ असं न म्हणता ‘अमुक यांनी दाखवलं’. ते संदर्भ काढून मात्र टाकू नका, नाहीतर रिव्ह्यूअर म्हणेल की हे काम आधीच झालेलं आहे. आणि आर्काइव्हवर आधी टाकायचं असेल तर चालतं का ते नियमांत पाहा. काही ठिकाणी चालतं, काही ठिकाणी ठरावीक काळ मनाई असते.

पोर्टलवर

हॉटसीआरपी, ईझीचेअर, ओपनरिव्ह्यू, सीएमटी यांपैकी कुठलं तरी पोर्टल असेल. खातं आजच उघडा, आणि सगळ्या सहलेखकांनाही उघडायला लावा. ओपनरिव्ह्यूवर संस्थेच्या ईमेलऐवजी खाजगी ईमेलने प्रोफाइल काढलं तर मंजुरीला दोन आठवडेही लागू शकतात. डेडलाइनच्या दिवशी हे कळणं फार महागात पडतं.

अनेक कॉन्फरन्सच्या दोन तारखा असतात. आधी शीर्षक आणि अ‍ॅब्स्ट्रॅक्ट (म्हणजे सारांश) नोंदवायचा, साधारण आठवडाभराने पूर्ण पेपर. पहिली तारीख हुकली तर दुसरीला काही अर्थ उरत नाही. काही ठिकाणी पहिल्या तारखेनंतर लेखकांची यादीही गोठते. विषयांच्या याद्यांत टिचक्या मारताना विचार करा, कारण पेपर कोणाकडे जाईल ते त्यावर ठरतं. सगळ्याच चौकोनांत खूण केली तर कोणाकडेही जाईल. हितसंबंधांची यादी, म्हणजे तुमचा पेपर ज्यांच्याकडे जाऊ नये अशा जवळच्या माणसांची, प्रामाणिकपणे भरा: गाईड, सध्याचे सहकारी, अलीकडचे सहलेखक. नावडत्या रिव्ह्यूअरला त्यात घुसडणं हा नियमभंग आहे.

डेडलाइनच्या पुढे ‘एओई’ लिहिलेलं दिसेल. पृथ्वीवर कुठेही अजून ती तारीख चालू असेल तोवर वेळ आहे, असा त्याचा अर्थ. म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या १२ तास मागे. १० तारखेची रात्री ११:५९ एओई म्हणजे प्रमाणवेळेनुसार ११ तारखेची सकाळ ११:५९. आपल्या घड्याळात किती ते एकदा मोजून कागदावर लिहून ठेवा, झोपेत हिशेब चुकतो.

दोन दिवस आधी जशी असेल तशी प्रत चढवून ठेवा. बहुतेक पोर्टलवर डेडलाइनपर्यंत फाइल बदलता येते. शेवटच्या तासात सर्व्हर अडखळतात, हे दरवर्षीचं आहे. चढवल्यावर तीच फाइल परत उतरवून, शक्यतो दुसऱ्या मशीनवर, उघडा. पानं मोजा. संदर्भाच्या जागी प्रश्नचिन्हं राहिली आहेत का बघा. सहलेखकाने रंगात लिहिलेली ‘हे नीट कर’ अशी टीप पीडीएफमध्ये तशीच गेलेली मी रिव्ह्यूअर म्हणून वाचलेली आहे.

निकाल येईपर्यंत आणि नंतर

काही आठवड्यांनी रिव्ह्यू येतात. पहिल्या दिवशी फक्त वाचा, उत्तर देऊ नका. रिबटलची, म्हणजे आक्षेपांना उत्तर देण्याची, सोय असेल तर जागा थोडी असते, तेव्हा ज्या आक्षेपांवर निर्णय अडला आहे तेवढेच घ्या. समजा कोणी लिहिलं की अमक्या पद्धतीशी तुलनाच नाही, आणि ती तुमच्या तक्त्यात आहे. ‘रिव्ह्यूअरने पाचवा विभाग वाचलेला दिसत नाही’ असं लिहिण्याचा मोह होतो. त्याऐवजी लिहा: ‘ही तुलना तक्ता ३ च्या शेवटच्या ओळीत आहे. मजकुरात तिचा उल्लेख राहून गेला, तो ५.२ मध्ये घालू.’ दुसरं उत्तर वाचून समितीतला तिसरा माणूस तुमच्या बाजूने बोलू शकतो. पहिलं वाचून कोणी बोलणार नाही.

नकार आला तर एक आकडा लक्षात ठेवा. २०१४ मध्ये न्यूरिप्स या मशीन लर्निंगच्या कॉन्फरन्सच्या आयोजकांनी १६६ पेपर दोन स्वतंत्र समित्यांकडे पाठवले. ४३ पेपरांवर, म्हणजे सुमारे एक चतुर्थांशांवर, दोन्ही समित्यांचे निर्णय वेगळे आले. एका समितीने स्वीकारलेल्या पेपरांपैकी निम्म्याहून अधिक दुसरीने नाकारले होते. सीमेवरच्या पेपराच्या नशिबात दैवाचा भाग मोठा असतो. पण म्हणून तोच पेपर तसाच्या तसा दुसरीकडे पाठवू नका. क्षेत्र लहान असलं की पुढच्या ठिकाणी तोच रिव्ह्यूअर भेटतो, आणि आपण सुचवलेलं काहीच बदललेलं नाही हे त्याला पहिल्या पानावर कळतं.

स्वीकृती आली तर कॅमेरा-रेडी, म्हणजे छापायची अंतिम, प्रत द्यायची असते आणि त्याला वेळ फार कमी मिळतो. सगळ्या लेखकांचे सोळा अंकी ऑर्किड (संशोधकाची ओळख सांगणारे) क्रमांक, हक्कांचा फॉर्म, पीडीएफमध्ये सगळे फॉन्ट अंतर्भूत आहेत की नाही याची तपासणी, आणि निदान एका लेखकाची नोंदणी. परदेशी जायचं असेल तर व्हिसाचा अर्ज त्याच आठवड्यात करा आणि निमंत्रणपत्र आयोजकांकडून मागून घ्या. विद्यार्थ्यांसाठी प्रवास-अनुदान असतं, त्याची तारीख वेगळी असते आणि ती कोणी आठवण करून देत नाही. कोड आणि डेटा तपासून बॅज देणारी वेगळी समिती असेल तर तिच्याकडेही पाठवा. एसीएमच्या पेपरांवर हे बॅज पहिल्याच पानावर दिसतात.

रिव्ह्यूअरना दिलेली आश्वासनं आता पुरी करायची: ५.२ मधला तो उल्लेख घाला. आभार परत आणा, अनामिक लिंकच्या जागी खरी लिंक द्या. आणि एसीएम-आर्टमध्ये नावं लपवण्यासाठी घातलेला पर्याय काढायला विसरू नका, नाहीतर छापलेल्या पेपरवर तुमच्या नावाच्या जागी ‘अनामिक लेखक’ राहील.